आधी पाइप, मग मिक्सर

नगरमधलं सावेडी, केडगाव, भिंगार किंवा जिल्ह्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या बंगल्यांची आणि रो-हाउसची रचना बहुतेक एकाच साच्यातली आहे. गच्चीवर स्टँडवर काळी टाकी, तिच्या जरा खाली सोलरची आडवी टाकी आणि काचेच्या नळ्या, तिथून बाहेरच्या भिंतीवरून उतरणारी गरम पाण्याची लाइन, आणि नेमकी सोलरपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात तळमजल्याची बाथरूम. थंडीच्या सकाळी या बाथरूममध्ये शॉवर सुरू केला की बराच वेळ अंगावर काटा आणणारं पाणी पडत राहतं. माझं घर याच साच्यातलं आहे. बाथरूमचं काम काढलं की दुकानदार, प्लंबर आणि नातेवाईक यांचं या बाबतीत एकमत होतं: मिक्सर जरा भारीतला टाका. म्हणजे भिंतीत दडवलेला, एका दांडीचा डायव्हर्टर. खर्चाची तयारी असेल तर ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅटिक. मी या दोन्हींना नकार दिला. गरम-गारचे दोन वेगळे नॉब आणि खाली बादली भरायची तोटी असलेला साधा वॉल मिक्सर लावला आणि वाचलेला पैसा भिंतीबाहेरच्या पाइपावर घातला. गरम पाणी उशिरा येणं हा पाइपाचा दोष आहे आणि कुठलाही नळ तो दूर करू शकत नाही. त्यामुळे नळ निवडताना एवढंच पाहायचं की पाणी तापून येईपर्यंतचा वेळ आणि तेवढं पाणी तो वाया घालवतो की कामी लावतो. असं माझं मत का झालं, त्याचा हा हिशेब.

सुरुवातीला तक्रार नेमकी कोणती आहे ते पाहावं लागतं, कारण ‘गरम पाणी नीट येत नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार दडलेले असतात. पहिला, पाणी उशिरा येतं पण आल्यावर भरपूर येतं. दुसरा, पाणी येतंच बारीक धारेनं. तिसरा, पाणी येतं पण कोमटच राहतं. पहिल्याचं कारण लाइनची लांबी आणि जाडी. दुसऱ्याचं कारण बहुतेक वेळा क्षारांनी भरलेली जाळी, अर्धवट उघडा राहिलेला कॉक, किंवा गच्चीवर लाइन वर जाऊन पुन्हा खाली येते त्या वळणात अडकलेली हवा. तिसरा आजार फसवा आहे. घरात गार पाण्याला प्रेशर पंप असेल आणि गरम पाणी मात्र नुसत्या उंचीच्या दाबावर येत असेल, तर उघड्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि उलटं वर चढतं. हँड शॉवरचं बटण बंद करून मिक्सर तसाच उघडा ठेवायची सवय असेल तर हे हमखास होतं. याची परीक्षा सोपी आहे. गारचा कॉक पूर्ण बंद करायचा आणि फक्त गरम चालू ठेवून तोटीखाली हात धरायचा. आता पाणी कडक येत असेल तर दोष मिसळण्यात आहे आणि त्यावर उपाय पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा आहे; त्यासाठी नवा मिक्सर घ्यायची गरज नाही. एवढी पाच मिनिटांची तपासणी न करता मिक्सर बदलायला निघणं म्हणजे निदान न करताच औषध घेणं. इथून पुढे मी पहिल्या आजाराबद्दलच बोलतो, कारण या साच्यातल्या घरांचा खरा आणि कायमचा आजार तोच आहे.

रात्रभर गरम लाइनमध्ये उभं राहिलेलं पाणी सकाळपर्यंत गार झालेलं असतं. ते सगळं बाहेर पडल्याशिवाय सोलरच्या टाकीतलं पाणी नळापर्यंत पोचू शकत नाही. ते किती असतं, हे मोजता येतं. गरम पाण्यासाठी हल्ली सर्रास वापरतात त्या सीपीव्हीसी पाइपात, अर्धा इंची असेल तर दर मीटरला सुमारे ०.१२ लिटर पाणी मावतं. पाऊण इंचीत ०.२६ लिटर आणि एक इंचीत ०.४३ लिटर. सोलरपासून शॉवरपर्यंत १५ मीटर लाइन धरली, तर अर्ध्या इंचीत पावणेदोन लिटरच्या आसपास, पाऊण इंचीत जवळजवळ ४ लिटर आणि एक इंचीत साडेसहा लिटर गार पाणी उभं असतं. जुन्या घरांतली लाइन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची असेल तर आणखी एक खर्च असतो. पाऊण इंची जीआय पाइपाचं वजन मीटरला सुमारे दीड किलो. १५ मीटरला ते २३-२४ किलो होतं. एवढं लोखंड तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात अडीच लिटरहून जास्त पाणी तापलं असतं. म्हणजे पहिलं गरम पाणी वाटेत पाइपच पिऊन टाकतो. अंदाजे मिनिटाला ६ लिटरची धार धरा. पाऊण इंची सीपीव्हीसीत ४ लिटर पाणी निघायला ४० सेकंद, एक इंचीत ६५. वाटेत पाइप तापायचा वेळ आणखी वेगळा. या सगळ्या गणितात नळाची किंमत किंवा नळावरची कंपनीची मोहोर कुठेही येत नाही. या शहराला ही गोष्ट नवी नाही. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, वडगाव अशा ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी नगरात आणलं गेलं. शेवटच्या टोकाला पाणी किती आणि केव्हा पोचणार हे उगमाची उंची, नळाचा उतार आणि नळाची जाडी ठरवते, हे जाणल्याशिवाय ती कामं झालेली नाहीत.

चार-सहा लिटर पाण्याचं ते काय, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर या जिल्ह्याच्या पाण्यात आहे. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे अवर्षण, असा हा जिल्हा. उन्हाळ्यात पारनेर-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. नगर शहराला मुळा धरणातून विळद आणि वसंत टेकडीमार्गे पाणी येतं, तरी शहराच्या बऱ्याच भागांना एक दिवसाआड नळ येण्याची सवय आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेलं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. घरात चार माणसं वेगवेगळ्या वेळी अंघोळ करणारी असतील आणि प्रत्येकाच्या आधी साडेसहा लिटर मोरीत जात असेल, तर रोजचे २६ लिटर झाले; म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा, कुणाच्या अंगावरही न पडता गेलेला. हिवरे बाजारने दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत देशाला दाखवली. विहिरीत किती, पिकाला किती, प्यायला किती, हे तिथे आधी मांडतात आणि मग पीक ठरवतात. हीच शिस्त बाथरूमला लावली, तर नळ ठरवण्याआधी लाइनमध्ये किती पाणी उभं आहे ते काढावं लागेल.

आता नळांकडे येऊ. पाणी तापून येईपर्यंतच्या त्या मिनिटभरात प्रत्येक प्रकार काय करतो, एवढ्याच कसोटीवर मी ते पाहिले. एका दांडीच्या मिक्सरची दांडी बहुतेक माणसं मधोमध ठेवून उघडतात. दिसायला ती जागा ‘नेहमीची’ वाटते. पण मधोमध म्हणजे अर्धं गरम लाइनचं आणि अर्धं गार लाइनचं पाणी. शॉवरमधून मिनिटाला ६ लिटर पडत असतील तर गरम लाइन फक्त ३ लिटरच्या वेगानं रिकामी होते. चाळीस सेकंदांची वाट ऐंशी सेकंदांची होते आणि ४ लिटर गार पाणी काढण्यासाठी ८ लिटर सांडतात. दांडी पूर्ण गरमकडे वळवली तर हे टळतं, पण मग पाणी आल्यावर ती परत आणावी लागते, आणि तोवर कडक पाणी डोक्यावर. दाबाचा समतोल राखणारे म्हणून विकले जाणारे व्हॉल्व्ह गरम-गारच्या दाबाचं प्रमाण सांभाळतात. पाणी किती तापलंय हे त्यांना कळत नाही, त्यामुळे वाट पाहण्याच्या काळात त्यांचा काही उपयोग नाही. थर्मोस्टॅटिक मात्र या कसोटीवर हुशार ठरतो, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या पोटात तापमानानुसार फुगणारं-आकसणारं मेणाचं एक कांडं असतं. पाणी गार आहे तोवर ते गरमची वाट पूर्ण उघडी आणि गारची जवळजवळ बंद ठेवतं, आणि गरम पोचलं की हळूहळू गार आत सोडतं. दोन नॉबच्या वॉल मिक्सरमध्ये हेच काम आपला हात करतो: आधी फक्त गरम उघडायचं, पाणी आलं की गार सोडायचं. फरक एवढाच की हातानं करताना ते पहिलं पाणी खालच्या तोटीतून बादलीत घेता येतं. थर्मोस्टॅटिकच्या बऱ्याच नमुन्यांना खाली तोटी नसते. ते हुशारीनं वाट पाहतात, पण पाणी सांडतातच.

तोटीचा आणखी एक फायदा आहे आणि तो उंचीत दडलाय. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीनं ठरतो. १० मीटर उंचीला सुमारे १ बार. तळमजल्याच्या बाथरूमच्या जमिनीपासून स्लॅब ३ मीटरवर आणि स्टँडवरच्या टाकीतलं पाणी त्याच्या वर अडीच मीटर धरलं, तर एकूण साडेपाच मीटर झाले. शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ३.४ मीटर, अर्थात ०.३४ बार. तोटी ७० सेंटिमीटरवर असते, तिला ४.८ मीटरचा दाब मिळतो. शिवाय शॉवरच्या बारीक छिद्रांची अडवणूक तिच्यात नाही. म्हणून तेच गार पाणी शॉवरमधून काढण्यापेक्षा तोटीतून लवकर निघतं. आणि हाच आकडा थर्मोस्टॅटिकच्या विरोधातला मोठा मुद्दा आहे. हे व्हॉल्व्ह मुळात अशा देशांसाठी घडले जिथे घराघरात नळाला भरपूर दाब असतो. बहुतेकांना नीट चालायला किमान अर्धा ते एक बार लागतो, आणि आत येणारं गरम पाणी हव्या असलेल्या पाण्यापेक्षा निदान दहा अंश तरी जास्त तापलेलं असावं लागतं. वर मोजलेला आपला दाब ०.३४ बार. आभाळ भरून आलेल्या दिवशी सोलरचं पाणी पंचेचाळीसच्या पुढे जात नाही. दोन्ही अटी मोडतात आणि भारी किमतीचा व्हॉल्व्ह बारीक धारेनं कोमट पाणी देत बसतो.

ऋतूंचा फरकही याच बाजूनं बोलतो. थंडीच्या लाटेत नगरचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा टाकीतलं गार पाणी १८ अंश आणि सोलरचं ५० अंश धरा; अंघोळीला ४० अंश हवं तर मिश्रणात सुमारे ७० टक्के गरम लागतं. एप्रिलमध्ये चित्र उलटं होतं. काळ्या टाकीतलं ‘गार’ पाणीच ३२ अंशांवर असतं, सोलरचं ७५ अंशांवर, आणि अंगाला ३६ अंश पुरतात. गरमचा वाटा १० टक्क्यांच्याही आत येतो. वर्षभरात एवढ्या लांबच्या दोन टोकांमध्ये फिरायचं असेल, तर गरम आणि गार यांच्यावर वेगवेगळा ताबा हवा. एका दांडीच्या मिक्सरमध्ये उन्हाळ्याचं सगळं काम दांडीच्या बोटभर हालचालीत उरकावं लागतं. जरा इकडे सरकली की भाजतं, जरा तिकडे सरकली की काहीच फरक पडत नाही. दोन नॉब असतील तर गार पूर्ण उघडून गरमची धार हवी तेवढी बारीक करता येते. आणि उन्हाळ्यात गरमचा वाटा इतका कमी असतो की लाइनमधलं ४ लिटर पाणी निघेपर्यंत अंघोळ संपलेली असते. मग गरमचा नॉब उघडायचाच कशाला? मार्चनंतर तो बंद ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि वेगळा नॉब असला तरच तो खात्रीनं बंद राहतो.

टिकाऊपणाचा मुद्दा तर इथल्या पाण्याला धरूनच पाहायला हवा. शहराचं नळाचं पाणी कमी पडलं की बोअर चालू होतो, आणि दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी तापलं की त्यातला चुना जास्त वेगानं बाहेर पडतो, साठ अंशांच्या पुढे तर फारच; म्हणून कुठल्याही मिक्सरची गरम बाजू आधी बिघडते. वॉल मिक्सरचा गरमचा नॉब काढून पान्यानं स्पिंडल सोडवला की हे डोळ्यांनी दिसतं. पितळी आट्यांमध्ये करड्या-पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला असतो, नखानं खरवडला तर भुकटी होऊन पडतो. टोकाच्या रबरी वायसरवर गोल खाच उमटलेली असते आणि तिच्या कडेला एखादा टोकदार कण रुतलेला असतो. नळ ठिबकतो तो त्या कणामुळे. वायसर बदलला, स्पिंडल लिंबाच्या रसात किंवा पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून घासला, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला की काम झालं. हे तालुक्याच्या गावातल्या प्लंबरला झोपेतही जमतं आणि सामान कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एका दांडीच्या मिक्सरमध्ये गुळगुळीत सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. त्यात कण अडकला की चकतीवर ओरखडा उठतो आणि अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. ते समोरूनच निघतं, टाइल फोडावी लागत नाही, हे खरं; पण त्याच नमुन्याचं कार्ट्रिज दहा वर्षांनी शेवगावात किंवा राहुरीत मिळेल का, हा प्रश्न उरतो. नाही मिळालं तर भिंतीतला अख्खा सांगाडा काढावा लागतो, आणि तेव्हा टाइल फुटतेच.

माझ्या निवडीविरुद्धचा सगळ्यांत जड आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ७५-८० अंशांपर्यंत जातं. साठ अंशांच्या पाण्यानं धडधाकट माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. दोन नॉबचा मिक्सर कुणाला थांबवत नाही. थर्मोस्टॅटिकवर ३८ अंशांचा खटका असतो आणि गार पाणी अचानक बंद झालं तर तो गरमही तोडतो. ज्या घरात हात थरथरणारी आजी किंवा नळाशी खेळणारं मूल एकटं अंघोळ करतं, तिथे या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिथे माझी निवड बदलेल. पण मग थर्मोस्टॅटिकला जे लागतं ते सगळं द्यावं लागेल: गरम आणि गार दोन्ही लाइनला सारखा दाब, दोन्हीकडे जाळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि वर्षातून निदान दोनदा जाळी साफ करायची शिस्त. नुसता व्हॉल्व्ह भिंतीत बसवून सुरक्षितता येत नाही. क्षारानं जाम झालेला थर्मोस्टॅटिक असला नसला सारखाच, उलट घरच्यांना त्याच्यावर भरवसा असतो म्हणून जास्त धोक्याचा. बाकीच्या घरांत बादलीत आधी गार, मग गरम ही जुनी शिस्त आणि उन्हाळ्यात बंद ठेवलेला गरमचा कॉक पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप पंपाचा. प्रेशर पंप लावा, पाणी झटकन येईल, मग दाबाची रड कशाला? पंपानं सेकंद कमी होतात, लिटर कमी होत नाहीत. लाइनमध्ये ४ लिटर उभे असतील तर ते पंपानंही चारच सांडतील, फक्त निम्म्या वेळात. शिवाय घरोघरी दिसणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरची टाकी दाबाची नसते. तिच्या माथ्यावर हवेची उघडी नळी असते. पंप तिच्या आधी लावला तर टाकी फुगू शकते, फाटू शकते. लावायचाच तर तिच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर, आणि गारलाही तेवढाच दाब देऊन. तिसरा सल्ला असतो, बाथरूमपाशी छोटा इन्स्टंट गिझर लावण्याचा. त्याचंही गणित करून पाहिलं पाहिजे. ३ किलोवॉटचा गिझर मिनिटाला ३ लिटर पाण्याचं तापमान जेमतेम १४ अंशांनी वाढवतो. शॉवरच्या ६ लिटरच्या धारेत ही वाढ सात अंशांवर येते. १८ अंशांचं पाणी पंचवीसचं होईल, त्यानं जानेवारीतली अंघोळ होत नाही. १५ लिटरचा साठवणीचा गिझर गरम लाइनच्या शेवटी, सोलरच्या पुढे जोडला तर मात्र खरा उपयोग होतो. आधी त्याच्यातलं तापलेलं पाणी निघतं आणि लाइनमधलं गार पाणी त्याच्या पोटात जाऊन मिसळतं, तोवर मागून सोलरचं पोचतं. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. आत येणारं पाणी आधीच तापलेलं असलं तरी चालेल, असं गिझरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. म्हणजे पैसे खर्च करायचेच असतील तर लाइनच्या शेवटी करण्यासारखं काही आहे, पण तेही मिक्सर नव्हे.

आणि शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो: टँकरच्या जिल्ह्यात शॉवर हवाच कशाला? बादलीभर पाण्यात, पंधरा-वीस लिटरमध्ये अंघोळ होते. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो, आणि तो मान्य केल्यामुळेच माझी निवड पक्की होते. पूर्वी तांब्याच्या बंबातून कढत पाणी घंगाळात काढायचे आणि त्यात विसण घालून ते अंगाला सोसेल असं करायचे. गार पाणी तिथे वाया जाणारी वस्तू नव्हती. त्याच्याशिवाय अंघोळीचं पाणीच तयार होत नव्हतं. सोलर आणि बादलीच्या घरातही हेच घडतं. लाइनमधलं पहिलं ४ लिटर गार पाणी बादलीत पडतं, त्यावर सोलरचं कडक पाणी येतं आणि बादली भरेपर्यंत दोन्ही आपोआप मिसळतात. बादली अंघोळीत उशिरा येणारं गरम पाणी ही अडचणच नाही. ती अडचण झाली शॉवरमुळे, कारण शॉवरखाली उभं राहायचं तर पाणी पहिल्या थेंबापासून बरोबर हवं. खाली तोटी असलेला वॉल मिक्सर ही दोन्ही पद्धती एकाच भिंतीवर ठेवतो. पहिलं पाणी तोटीतून बादलीत, मग पाणी शॉवरकडे वळवणारा मधला नॉब फिरवून शॉवर. बादलीतल्या पाण्याला शेवटी थोडं गरम जोडून अंग विसळायला किंवा तसंच कपडे भिजवायला. ज्या घरात आईवडील बादलीनं आणि मुलं शॉवरनं अंघोळ करतात, आणि जिल्ह्यातली बहुतेक घरं अशीच आहेत, तिथे तोटी नसलेला मिक्सर निवडणं म्हणजे निम्म्या घराला बाहेरच्या वेगळ्या नळावर पाठवणं.

राहिला प्रश्न वाचलेल्या पैशाचा. आपल्याकडे गरम लाइन बहुधा भिंतीबाहेरून येते. दिसायला वाईट, पण दुरुस्तीला वरदान, कारण एकही टाइल न फोडता ती बदलता येते. प्लंबर खबरदारी म्हणून एक इंची लाइन सुचवतात. पण मिनिटाला ६ लिटरच्या धारेला पाऊण इंचीच्या १५ मीटर सरळ लांबीत उंचीची घट वीतभरही होत नाही, मग एक इंची घालून साडेसहा लिटरचा गार साठा पोसण्यात अर्थ नाही. पूर्ण लाइन अर्धा इंची केली तर मात्र ही घट मीटरच्या वर जाते आणि ३.४ मीटरच्या दाबातून ती परवडत नाही. म्हणून लांबचा पल्ला पाऊण इंचीनं आणि बाथरूमच्या भिंतीतला शेवटचा तुकडा अर्ध्या इंचीनं, हे माप मला योग्य वाटलं. गच्चीवर लाइन कडेकडेनं फिरवण्याऐवजी सरळ उतरवली की दोन-चार मीटर सहज वाचतात, आणि वाचलेला प्रत्येक मीटर प्रत्येक अंघोळीचे पाव लिटर वाचवतो. पाइपाला काळ्या फोमचं आवरण घालावं आणि त्यावर उन्हापासून बचावाला पत्रा किंवा ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळावी. पहाटेच्या पहिल्या अंघोळीला या आवरणाचा फारसा फायदा नाही, कारण रात्रभरात आवरणातलं पाणीही निवतं. फायदा आहे तो नंतरच्या अंघोळींना. म्हणून घरातल्यांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या तर दुसऱ्यापासून पुढच्यांना वाट पाहावी लागत नाही, आणि या उपायाला एक पैसाही लागत नाही. दुकानात मिक्सर पसंत करायला जाणाऱ्याला मी हाच क्रम सांगतो: आधी गारचा कॉक बंद करून आजार ओळखा, मग टेप घेऊन गच्चीवर जा आणि लाइन मोजा, तिची जाडी पाहा, लाइनमध्ये किती लिटर उभे आहेत ते काढा. तो आकडा दोनच्या आत असेल तर आवडेल तो मिक्सर घ्या. चार-सहाच्या घरात असेल तर पहिला खर्च पाइपावर करा, आणि मिक्सर असा घ्या ज्याच्या तोटीखाली बादली मावते.